हेल्वेलिनची धार

(शाळेतील मोठ्या वर्गांची सहल ले पूस पर्वतावर जाणार होती. त्या आठवड्यात एका पाहुण्या शिक्षिकेने शाळेच्या सभेत केलेले हे भाषण.)



येत्या शनिवारी तुम्ही ले पूस चढणार आहात, असे तुमच्या गुरुजींनी मला सांगितले. "मुलांना डोंगराविषयी काहीतरी सांगा," असेही ते म्हणाले. मुलांनो, मी काही मोठी गिर्यारोहक नाही. माझे बहुतेक दिवस पुस्तके, वह्या आणि फळा यांच्यातच गेले. पण एकदा मी एका डोंगरावर गेले होते आणि त्या डोंगराने मला चांगलेच घाबरवले होते. तीच हकीकत आज सांगणार आहे.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहरात राहतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा अकरा वर्षांची होती. जुलैच्या अखेरीस तिला शाळेची सुट्टी लागली आणि मी त्यांच्याकडे गेले. आपल्या मॉरिशसमध्ये तेव्हा हिवाळा असतो आणि तिकडे उन्हाळा. म्हणून मी पातळ कपडे बॅगेत भरले होते. भाचीने बॅग उघडून पाहिली आणि ती हसत सुटली. "आत्या, हा इंग्लंडचा उन्हाळा आहे. तुझा स्वेटर कुठे आहे?"

मँचेस्टरहून मोटारीने उत्तरेकडे गेले की सुमारे दोन तासांत लेक डिस्ट्रिक्ट नावाचा प्रदेश लागतो. लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे तळ्यांचा मुलूख. जिकडे पाहावे तिकडे डोंगर आणि डोंगरांच्या मधे पाणी. तेथे अल्झवॉटर नावाचे एक लांबच लांब सरोवर आहे. त्याच्या टोकाला ग्लेनरिडिंग हे लहानसे गाव आहे. आम्ही त्या गावात उतरलो. गावाच्या मागे हेल्वेलिन पर्वत उभा आहे. तो आम्हांला चढायचा होता.

हेल्वेलिनची उंची ९५० मीटर आहे. इंग्लंडमध्ये उंचीने त्याचा तिसरा क्रमांक लागतो. आपल्या बेटावरचे सर्वांत उंच शिखर पितों द ला पेतित रिव्हिएर नुआर हे ८२८ मीटर उंच आहे, आणि आपला ले पूस ८१२ मीटर. मी मनात हिशेब केला आणि म्हटले, "एवढेच ना!" पण डोंगर नुसता उंचीवरून ओळखू नये. त्याचा आकार कसा आहे, तेही पाहावे लागते.

हेल्वेलिनचा आकार कसा झाला ते सांगते. आपला गंगा तलाव तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. महाशिवरात्रीला आपण तेथे जातो. तो तलाव ज्वालामुखीच्या तोंडात साठलेला आहे. म्हणजे त्याची जागा आगीने तयार केली. हेल्वेलिनच्या कुशीत रेड टार्न नावाचे तळे आहे. त्याची जागा मात्र बर्फाने तयार केली. फार फार पूर्वी त्या डोंगरांवर बर्फाचे जाड थर साचलेले होते. बर्फ आपल्याला स्थिर दिसतो, पण एवढा जाड थर असला की तो आपल्याच वजनाने अगदी हळूहळू खाली सरकतो. सरकताना तो खालचा खडक खरवडत जातो. असे हजारो वर्षे चालले. शेवटी डोंगराच्या अंगावर मोठ्या आरामखुर्चीसारखा खळगा तयार झाला. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी तिथला बर्फ वितळला आणि खुर्चीच्या बैठकीत पाणी साठले. तेच हे तळे.

आता समजा, एका पुरणपोळीला दोन मुले दोन बाजूंनी खात सुटली. शेवटी काय उरेल? मधली एक अरुंद पट्टी. हेल्वेलिनवर तसेच झाले. शेजारीशेजारी दोन खळगे होते. दोन्हींकडून बर्फाने डोंगर खाल्ला आणि मधे उरली एक उंच, अरुंद, दगडी धार. तिचे नाव स्ट्रायडिंग एज. शिखराकडे जाणारी आमची वाट त्या धारेवरून होती.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पाठीवरच्या पिशवीत पाणी, थालीपिठे, लिंबाचे लोणचे, एक गरम कपडा, पावसाचा कोट, नकाशा, होकायंत्र आणि एक नारिंगी शिटी होती. शिटी पाहून मी विचारले, "ही कशाला?"

भाऊ म्हणाला, "डोंगरात कोणी अडकले किंवा पडले, तर एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवायची. मग एक मिनिट थांबायचे. पुन्हा सहा वेळा. ज्याला ऐकू येईल तो तीन वेळा वाजवून उत्तर देतो. ओरडून घसा बसतो, शिटीचा बसत नाही."

गावाबाहेर पडताच चढण लागली. थोड्याच वेळात झाडांमध्ये लपलेले एक छोटे तळे आले. त्याला लॅन्टीज टार्न म्हणतात. घरोघरी बर्फ करणारी यंत्रे आली नव्हती, त्या काळी थंडीत या तळ्यावरचा बर्फ कापत आणि काठावरच्या दगडी कोठीत साठवून ठेवत. भाचीला ही गोष्ट फार आवडली. तिने वाकून पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

पुढे झाडे संपली. गवत, दगड आणि मेंढ्या, एवढेच राहिले. तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांची कोकरे जन्मतात तेव्हा काळी असतात आणि मोठी होताना करडी होत जातात. मेंढ्या इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून लोकांनी डोंगरावर दगडांच्या लांब भिंती घातल्या आहेत. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगडावर दगड बसवलेले आहेत, आणि तरीही त्या भिंती वाऱ्यापावसात उभ्या आहेत.

अशीच एक भिंत जिथे ओलांडतात, त्या जागेला होल इन द वॉल, म्हणजे भिंतीतले भोक, असे नाव आहे. तेथे पोचायला आम्हांला दोन तास लागले. तेथून धार दिसते, असे भावाने सांगितले होते. पण आम्हांला काहीच दिसले नाही. ढग खाली उतरला होता. वारा तर असा, की उभे राहिले की कोणी खांद्याला धरून ढकलते आहे असे वाटे. मी घामाने भिजले होते. आता त्याच घामाने कुडकुडू लागले. मुलांनो, लक्षात ठेवा, शंभर मीटर वर गेले की हवा साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने थंड होते. त्यात वारा असला की ती आणखी थंड लागते.

भाऊ थांबला. त्याने भाचीला विचारले, "पुढची वाट किती पावलांपर्यंत दिसते?"

तिने नीट पाहिले आणि ती म्हणाली, "बारा."

"मग आज परत फिरायचे."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, आपण एवढे चाललो ते फुकट?" तिने मला हाक मारली. आत्या आपल्या बाजूने बोलेल, असे तिला वाटले असावे. खरे सांगते, मलाही पुढे जायचे होते. दहा हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मी आले होते आणि डोंगर समोर होता. पण वाटेची माहिती भावाला होती. मी गप्प राहिले. आम्ही परत फिरलो. उतरताना भाची कोणाशी एक शब्दही बोलली नाही.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी भावाने तिला एक गोष्ट सांगितली. हिवाळ्यात हेल्वेलिनवर बर्फ पडतो. तेव्हा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने नेमलेला माणूस रोज हा डोंगर चढतो. हो, रोज! वारा किती आहे, थंडी किती आहे, बर्फ घट्ट आहे की भुसभुशीत, हे तो पाहतो आणि खाली येऊन लोकांना कळवतो. आळीपाळीने ही माणसे काम करतात. भाचीने विचारले, "त्यालासुद्धा कधी परत फिरावे लागते का?" भाऊ म्हणाला, "हवा फारच वाईट असली तर त्यालाही शिखर सोडून द्यावे लागते." मग ती जरा हसली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडत राहिला. आम्ही अल्झवॉटर सरोवरात बोटीतून फिरलो. त्या बोटीचे नाव लेडी ऑफ द लेक. ती १८७७ साली पाण्यात उतरली आणि अजून चालते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. त्याच वाटेने, त्याच भिंतीपाशी आम्ही पुन्हा पोचलो. आणि मुलांनो, धार दिसली. डावीकडे खोल दरी. उजवीकडे खोल खळगा आणि त्याच्या तळाशी रेड टार्नचे गडद निळे पाणी. मधे दगडांची ती धार, एखाद्या मोठ्या प्राण्याच्या पाठीच्या कण्यासारखी, थेट शिखराच्या पायापर्यंत गेलेली. तिच्यावर माणसे मुंग्यांएवढी दिसत होती.

तेथे भावाने आम्हांला एक नियम शिकवला. दोन हात आणि दोन पाय मिळून चार झाले. त्यांतले तीन नेहमी खडकावर टेकलेले असले पाहिजेत. हलवायचे ते एकच. दगड धरण्याआधी तो हलवून पाहायचा. डगमगला तर सोडून द्यायचा. शिवाय धारेच्या अगदी माथ्यावरून न जाता उजव्या अंगाने, किंचित खालून एक पायवाट जाते. ज्याला माथ्यावर भीती वाटेल त्याने तेथून जावे. त्यात कमीपणा काही नाही. मी लगेच ती पायवाट धरली. भाची बापाबरोबर माथ्यावरून चालू लागली. मला वर पाहिले की तिच्या बुटांचे तळवे दिसत.

वाटेत एका खडकावर एक स्मारक दिसले. १८५८ साली रॉबर्ट डिक्सन नावाचा गावकरी शिकारी कुत्र्यांच्या मागे धावताना येथून पडला. ते वाचल्यावर मी दगड दोनदोनदा हलवून पाहू लागले.

धारेच्या शेवटी पायवाट आणि माथा एकत्र येतात आणि तेथे खडक एकदम तुटतो. समोर दोन-तीन माणसांच्या उंचीची एक उभी फट आहे. शिखराकडे जायचे तर आधी त्या फटीतून खाली उतरावे लागते. भाऊ उतरला. मग भाची खडकाकडे तोंड करून, माकडासारखी सरसर उतरली. आता माझी पाळी.

मी वळले. दोन्ही हातांनी दगड धरला. डावा पाय एका खाचेत होता. उजवा पाय खाली सोडला. तो काही टेकेना. तो नुसता हवेत लोंबत राहिला. मी मान वळवून खाली पाहिले आणि मला खाली खूप खोलवर रेड टार्नचे पाणी दिसले. तेवढ्याने माझे हात दगडाला चिकटले. वर जाता येईना, खाली येता येईना. वयाची चाळीस वर्षे उलटलेली, रोज मुलांना "घाबरू नका" सांगणारी मी बाई, भिंतीवरच्या पालीसारखी तेथे चिकटून राहिले.

माझ्या मागे पाच-सहा माणसे उतरण्यासाठी थांबली होती. मला वाटले, आता ती चिडतील. पण त्यांतले एक म्हातारे गृहस्थ दगडावर बसले, त्यांनी थर्मासमधून चहा ओतला आणि मला म्हणाले, "सावकाश उतरा. आम्हांला चहा प्यायचाच होता."

खालून भाचीचा आवाज आला. "आत्या, पाण्याकडे बघू नकोस. तुझ्या पोटासमोरचा दगड बघ. बघितलास? त्याचा रंग सांग."

"करडा," मी म्हटले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"त्यावर काय आहे?"

"पांढरे ठिपके."

"आता उजवा पाय भिंतीला घासत खाली आण. अजून. अजून थोडा. जरा डावीकडे. तिथे पायरी आहे. टेकला?"

पाय टेकला. ती पायरी पूर्ण वेळ माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होती. मला ती वरून दिसत नव्हती, तिला खालून दिसत होती. मग डावा हात, मग डावा पाय. ती सांगत गेली आणि मी करत गेले. खाली पोचल्यावर माझे गुडघे एवढे थरथरत होते की मी खालीच बसले. भाचीने पिशवीतून गूळ काढून मला दिला.

तेथून शिखरापर्यंत खडकाळ चढ आहे. तो संपतो तेथे एक दगडी स्मारक आहे. १८०५ साली एप्रिल महिन्यात चार्ल्स गॉफ नावाचा एक तरुण चित्रकार हा डोंगर ओलांडायला निघाला. बरोबर त्याची कुत्री होती, तिचे नाव फॉक्सी. तो पलीकडे पोचलाच नाही. तीन महिन्यांनी, जुलैत, एका मेंढपाळाला रेड टार्नजवळ कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. त्याने जाऊन पाहिले. चित्रकार धारेवरून पडून मरण पावला होता आणि फॉक्सी तीन महिने त्याच्याजवळच राहिली होती. तेवढे दिवस ती काय खाऊन जगली, ते कोणालाच नक्की कळले नाही. वर्ड्‌स्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट या दोन प्रसिद्ध कवींनी तिच्यावर कविता लिहिल्या. हे स्मारक १८९० साली उभारले.

भाचीने विचारले, "ती खाली गावात का गेली नाही?" भावाने काही उत्तर दिले नाही. मलाही देता आले नाही. ती बराच वेळ खाली तळ्याकडे पाहत उभी होती.

आणि शिखर? सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. एवढ्या अरुंद धारेवरून चढून आल्यावर वर चक्क सपाट मैदान आहे! पश्चिमेकडे तर गवताचा सौम्य उतार आहे. बर्फाने फक्त पूर्वेची बाजू खाल्ली होती. हे मैदान एवढे सपाट आहे की १९२६ सालच्या २२ डिसेंबरला जॉन लीमिंग आणि बर्ट हिंकलर या दोघांनी तेथे विमान उतरवले. ही गोष्ट कोणाला खरी वाटणार? साक्षीदार हवा होता. त्या थंडीत डोंगरावर फिरायला आलेले ग्रीक भाषेचे एक प्राध्यापक तेथे भेटले आणि त्यांनी कागदावर सही दिली. मग विमान पुन्हा उडाले. त्या जागी आता एक दगडी पाटी आहे.

शिखराजवळ अधिकच्या चिन्हासारखी बांधलेली दगडी भिंत आहे. वारा कुठूनही येवो, एका कोपऱ्यात तरी आडोसा मिळतोच. त्या कोपऱ्यात बसून आम्ही थालीपिठे खाल्ली. चहावाले म्हातारे गृहस्थही आले. त्यांना लिंबाचे लोणचे दिले. त्यांनी ते चाखले, डोळे मिटले आणि पुन्हा मागून घेतले.

उतरताना आम्ही दुसऱ्या धारेने, स्विरल एजने उतरलो आणि थेट रेड टार्नच्या काठी आलो. वरून मला भेडसावणारे ते पाणी जवळून पाहिले तर अगदी शांत होते. त्या तळ्यात शेली नावाचा मासा आहे. संपूर्ण इंग्लंडमध्ये तो चारच तळ्यांत सापडतो. म्हणून त्याला पकडायला कायद्याने मनाई आहे. आम्हांला तो दिसला नाही. काठावरून वर पाहिले, तेव्हा आम्ही आलो ती धार आकाशात काळ्या करवतीसारखी दिसत होती. तिच्यावर कोणीतरी अगदी हळू सरकत होते. भाची म्हणाली, "आत्या, तुझ्यासारखेच कोणीतरी आहे!"

मी परत निघाले तेव्हा विमानतळावर तिने मला ती नारिंगी शिटी दिली. "तुमच्याकडेही डोंगर आहेत ना?" ती म्हणाली.

ती शिटी मी आज बरोबर आणली आहे. ही पाहा. ले पूसच्या शेवटच्या टप्प्यात तुम्हांलाही हात टेकावे लागतील, म्हणून शनिवारी ती तुमच्या गुरुजींच्या गळ्यात असेल. सहा वेळा कशासाठी आणि तीन वेळा कशासाठी, हे कोण सांगेल? हं, मागच्या रांगेतली ती मुलगी. सांग बाळ, उभी राहून सांग.